तोंडात गोष्ट, कागदावर तीन शब्द

पहिलीत जाणाऱ्या माझ्या भाचीनं एकदा मला पालीची गोष्ट सांगितली. दाराच्या फटीत सापडून पालीची शेपटी तुटली, पाल पळून गेली आणि शेपटी एकटीच वळवळत राहिली. मग आपली पाल गेली हे शेपटीला कळलं असेल का, वगैरे वगैरे. दहा मिनिटं अखंड, हातवाऱ्यांसकट, मधूनच शेपटीची नक्कल करत. मी म्हटलं, "हे लिहून ठेव की!" ती हौसेनं बसली. पंधरा मिनिटांनी कागदावर एवढंच होतं:

पल शपट तटल

पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलेलं, खोडरबरानं एका जागी कागद फाटलेला, आणि गोष्ट सांगणारी पाय आपटत निघून गेलेली. घरातल्या मोठ्यांनी कागद पाहून दोन शेरे मारले. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, आणि काना-मात्रेचा पत्ता नाही. दोन्ही खरंच होतं. मला मात्र वेगळंच कोडं पडलं: दहा मिनिटांची गोष्ट गेली कुठे?

लिहिणं हे एक काम वाटतं, पण ती तीन कामं आहेत आणि तिन्ही एकदम करावी लागतात. हातानं अक्षराचा आकार काढायचा. कानात घुमणाऱ्या आवाजासाठी कोणतं अक्षर, कोणती मात्रा, ते ठरवायचं. आणि हे चालू असताना पुढे काय म्हणायचंय ते डोक्यात धरून ठेवायचं. आपल्याला पहिली दोन इतकी अंगवळणी पडलेली असतात की ती कामं आहेत हेच आपण विसरून जातो. पहिलीतल्या मुलाचं तसं नसतं. 'शेपटी'तला श कुठून सुरू करायचा या विचारातच त्याचं लक्ष संपतं, आणि 'पटी' लिहीपर्यंत पाल डोक्यातून निसटून गेलेली असते.

आत्ता लागणाऱ्या गोष्टी तेवढ्यापुरत्या धरून ठेवायला आपल्या डोक्यात एक छोटी जागा असते. मानसशास्त्रात तिला कार्यरत स्मृती म्हणतात. ती मोठ्यांचीही लहानच असते, मुलांची आणखी लहान. व्हर्जिनिया बर्निंजर या अमेरिकी संशोधिकेनं लहान मुलांच्या लेखनावर बरीच वर्षं काम केलं. त्यांच्या मांडणीचा गाभा हाच आहे की हात आणि शब्दांचं लेखन यांनी ही जागा अडवली की विचाराला ती उरत नाही. पटत नसेल तर एक करून बघा. नेहमीचा नसलेल्या हातात पेन धरा आणि काल दिवसभरात काय केलं ते लिहा. तिसऱ्या ओळीपर्यंत वाक्यं आखूड होतील, अवघड शब्द टाळले जातील आणि 'बास झालं' असं वाटेल. मुलं रोज याच अवस्थेत लिहितात.

म्हणून माझं म्हणणं असं: ही तीन कामं वेगवेगळ्या वेळी शिकवावीत, आणि एकाचा सराव चालू असताना दुसऱ्यातल्या चुका काढू नयेत.

हात

मनगटात ८ छोटी हाडं असतात. जन्मतः तिथे हाडांऐवजी मऊ, लवचिक कूर्चा असते आणि पुढच्या काही वर्षांत ती एकेक करून हाड बनत जाते. वाटाण्याच्या आकाराचं शेवटचं हाड तर साधारण ९ ते १२ वर्षांच्या दरम्यान तयार होतं. त्यामुळे चार-पाच वर्षांच्या मुलाचा हात म्हणजे मोठ्या माणसाच्या हाताची छोटी प्रत नव्हे. मूल आधी खांद्यातून रेघोट्या मारतं, मग कोपरातून, मग मनगटातून, आणि बोटांच्या बारीक हालचाली सगळ्यांत शेवटी येतात. अशा हाताला आधी मोठी जागा द्यावी. फळा किंवा भिंतीला चिकटवलेला मोठा कागद उत्तम, कारण उभ्या पृष्ठभागावर लिहिताना मनगट आपोआप मागे वळतं आणि बोटं मोकळी होतात. माती मळणं, कात्रीनं कापणं, कपड्यांचे चिमटे लावणं, बटणं घालणं ही सगळी लेखनाचीच तयारी आहे, फक्त ती तशी दिसत नाही.

पेन्सिल धरण्यावरून घरोघरी वाद होतात. मूठ, मग सगळी बोटं, मग अंगठा-तर्जनी-मधलं बोट, असा प्रवास बहुतेक मुलं पाच-सहा वर्षांपर्यंत करतात. तीन बोटांची पकड चांगली, पण चार बोटांनीही नीट लिहिता येतं. हात दुखत नसेल आणि लिहिलेलं वाचता येत असेल तर मी तरी त्या पकडीच्या वाटेला जाणार नाही. मुठीतच पेन्सिल धरणाऱ्या मुलासाठी सोपी युक्ती म्हणजे खडूचा किंवा तेलखडूचा बोटभरही नसलेला तुकडा देणं. तो मुठीत मावतच नाही, बोटांनीच धरावा लागतो. (मोडलेले खडू फेकू नयेत, ते या वयात अख्ख्यांपेक्षा उपयोगी.)

पाय जमिनीवर किंवा पाटावर टेकलेले हवेत. लोंबकळत्या पायांनी बसलेलं मूल स्वतःला सावरण्यातच अर्धी ताकद घालवतं. दहातलं साधारण एक मूल डावखुरं असतं. त्याचा हात बदलायला जाऊ नये. त्याच्या कागदाचं वरचं टोक जरा उजवीकडे कललेलं ठेवावं आणि पेन्सिल टोकापासून किंचित वर धरायला सांगावं, म्हणजे आपण काय लिहितोय ते त्याला दिसतं आणि हातानं पुसलंही जात नाही.

वळण

अक्षर म्हणजे चित्र, ते बघून काढायचं, असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात अक्षर म्हणजे हालचाल: कुठून सुरू, कुठे वळायचं, कुठे थांबायचं. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं. त्यांच्या पद्धतीत मुलं खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत आणि सोबत त्याचा आवाज म्हणत. यात आकार, दिशा आणि आवाज एकाच वेळी अंगात मुरतात. वाळूत बोटानं धुळाक्षरं काढण्यामागेही हेच आहे.

ठिपके जोडून अक्षर गिरवायला देतात, त्याचा फायदा मर्यादित असतो. मुलाची नजर अक्षरावर नसतेच, पुढचा ठिपका कुठे आहे यावर असते. ठिपके काढून घेतले की अक्षरही जातं. बर्निंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये पहिलीतल्या मुलांवर केलेला एक प्रयोग इथे फार बोलका आहे. काही मुलांनी अक्षर नुसतं बघून उतरवलं, काहींनी शिक्षकानं काढताना पाहून तसं काढलं. एका गटानं मात्र बाण आणि आकडे घातलेलं अक्षर नीट पाहायचं, मग ते झाकायचं आणि आठवून लिहायचं, असं केलं. ही शेवटची पद्धत सरस ठरली. शिवाय त्या मुलांचं मनानं लिहिणंही सुधारलं. हाताचं ओझं हलकं झालं की गोष्टीला जागा मिळते, ती अशी.

कॅरिन जेम्स या संशोधिकेनं २०१२ मध्ये, अजून वाचता न येणाऱ्या मुलांना काही अक्षरं हातानं काढायला, काही गिरवायला आणि काही कळफलकावर दाबायला दिली, आणि नंतर ती अक्षरं दाखवून मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. वाचनासाठी लागणारे भाग उठून दिसले ते मुख्यतः स्वतः हातानं काढलेल्या अक्षरांच्या वेळी. मुलाचा म प्रत्येक वेळी थोडा वाकडा, वेगळा येतो, आणि त्या वेगवेगळ्या म मधलं समान काय हे मेंदू शिकतो, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. म्हणजे वाकड्या अक्षराला इतकं हिणवायचं कारण नाही.

वर्णमाला पाठ करायला क्रमानं ठीक. लिहायला शिकताना मात्र तो क्रम अडचणीचा, कारण पहिलंच अक्षर अ, आणि काढायला ते चांगलंच किचकट. त्यापेक्षा अक्षरांची घराणी करावीत. र आला की आडव्या रेघेनं उभा दंड जोडून स होतो, आणि र पुढे व काढला की ख. व च्या पोटात तिरकी रेघ दिली की ब, दंडाच्या उजवीकडे वळण काढलं की क. प च्या पोटात रेघ म्हणजे ष, उजवीकडे वळण म्हणजे फ. एक वळण हातात बसलं की दोन-तीन अक्षरं पदरात पडतात. शिरोरेषा सगळ्यांत शेवटी, आणि जमलं तर प्रत्येक अक्षराला नाही तर पूर्ण शब्दाला एक, म्हणजे शब्द कुठे संपला तेही दिसतं.

उलटी अक्षरं पाहून पालक घाबरतात. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, तो कपच असतो. मेंदू आधी हेच शिकलेला असतो की वस्तू फिरली तरी बदलत नाही. अक्षरांच्या बाबतीत हे शिकलेलं पुसावं लागतं, त्याला वेळ लागतो. ३ आणि ६ तर आरशातली जुळी भावंडंच. पाच ते सात वर्षांच्या मुलानं ती उलटसुलट केली तर एवढ्यावरून काही आजार ठरत नाही. मात्र आठव्या वर्षानंतरही हे सर्रास चालू असेल, सोबत वाचनही अडत असेल, किंवा भरभरून बोलणारं मूल लिहायचं म्हटलं की हात दुखतो म्हणून रडत असेल, तर डोळे तपासून घ्यावेत आणि लेखन-अक्षमतेची पाहणी करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवावं. 'आळशी आहे' हा शेरा त्याआधी मारू नये.

सरावाला रोज दहा-पंधरा मिनिटं पुरेत. 'हे दहा वेळा लिहून काढ' यावर माझा फारसा विश्वास नाही. 'आई' दहा वेळा लिहायला दिलेलं मूल काय करतं ते एकदा शेजारी बसून पाहा. ते आधी वरून खाली दहा 'आ' काढतं, मग दहा 'ई'. 'आई' त्यानं एकदाही लिहिलेलं नसतं.

कान

आता 'पल शपट तटल'कडे परत येऊ. हा कागद मी जपून ठेवलाय, कारण त्यात जेवढं चुकलंय त्याहून जास्त बरोबर आहे. 'पाल शेपटी तुटली' यातलं प्रत्येक व्यंजन तिनं ऐकलं, ओळखलं आणि योग्य क्रमानं लिहिलं. प-ल, श-प-ट, त-ट-ल. एकही निसटलं नाही, एकही मागेपुढे झालं नाही. गेले ते फक्त स्वर. आणि ते जाण्याला कारण आहे: आपल्या लिपीत क म्हणजे नुसता क् नसतो, त्यात अ दडलेला असतो. मुलाला वाटतं, 'पा' ऐकू आला, प काढला, झालं काम. स्वर हे वेगळं काही आहे, त्याला वेगळी खूण लागते, हे कळणं ही पुढची पायरी.

मुलं चुकतात ती अशी नियमानं चुकतात, हे एमिलिया फेरेइरो यांनी दाखवून दिलं. अर्जेंटिनाच्या या संशोधिका स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या विद्यार्थिनी. अना तेबेरोस्की यांच्यासह त्यांनी १९७० च्या दशकात, लिहायला न शिकवलेली मुलं लेखनाबद्दल काय समजतात याचा शोध घेतला. मोठ्या वस्तूचं नाव मोठं असणार, असं कित्येक मुलांना वाटतं. आपल्या भाषेत हा घोटाळा मजेदार होतो, कारण हत्ती दोन अक्षरांत आटपतो आणि फुलपाखराला पाच लागतात. त्याच्या पुढच्या टप्प्यावर मूल प्रत्येक उच्चार-तुकड्याला एक खूण देतं. माझी भाची जवळपास तिथेच उभी होती.

अशा मुलाला 'पल' बरोबर नाही असं सांगून भागत नाही, ते वाचून दाखवावं लागतं. "हे मी 'पल' असं वाचलं. तुला काय म्हणायचं होतं? पाऽऽल. प नंतर तोंड उघडंच राहिलं ना? त्या उघड्या तोंडाची खूण म्हणजे काना." आवाज ताणून ऐकणं हीच इथली युक्ती. पल-पाल, मळ-माळ, कर-कार अशा जोड्या बोलून मग लिहिल्या की काना केवळ शोभेची काठी राहत नाही, त्यानं शब्द बदलतो हे कळतं.

आपल्या लिपीला जुने लोक बाळबोध म्हणत. पण तिच्यात बाळाला चकवणाऱ्या जागा भरपूर आहेत. पहिली वेलांटी घ्या. 'कि' म्हणताना आधी क् ऐकू येतो, मग इ. हाताला मात्र वेलांटी आधी काढावी लागते. रफार त्याहून वरचढ: 'सूर्य'मध्ये र चा आवाज य च्या आधी, पण तो जाऊन बसतो य च्या डोक्यावर, आणि लिहिला जातो य नंतर. इथे चुकणारं मूल उलट कान देऊन ऐकत असतं. 'आवाज आधी येतो, पण खूण इथे बसते' असं उघड सांगावं, ते त्यानं आपोआप ताडावं अशी अपेक्षा ठेवू नये.

आणि ऱ्हस्व-दीर्घ. ते कानानं कळेल असं सांगणं म्हणजे मुलाची फसवणूक आहे, कारण रोजच्या बोलण्यात आपणच तो फरक नीट करत नाही. हा भाग नजरेचा आणि नियमाचा. पहिली-दुसरीत एकच नियम पुरे: मराठी शब्दाच्या शेवटी आलेली वेलांटी किंवा उकार दीर्घ. पाणी, पाटी, वही, लाडू, चाकू. 'आणि' हा नेहमी लागणारा अपवाद, तो पाठ करावा. बाकीचं तिसरी-चौथीत बघता येईल.

वाक्य

बोलताना शब्दांमध्ये फट नसते, म्हणून मूल 'मीकालपालपाहिली' असं सलग लिहितं. शब्द म्हणजे काय हे त्याला अजून ठाऊकच नसतं. वाक्य बोलावं, प्रत्येक शब्दाला एक टाळी किंवा एक खडा ठेवावा, मग तेवढे शब्द लिहून मध्ये बोटभर जागा सोडावी. आपल्याकडे 'दारात', 'झाडावर', 'माझ्याबरोबर' हे जोडून लिहायचे एकेक शब्द आहेत, तिथे एकच टाळी.

इंग्रजीसारखं मोठ्या अक्षरानं वाक्य सुरू करायची सोय देवनागरीत नाही. वाक्याची सीमा दाखवायला आपल्याकडे एकटा पूर्णविराम. म्हणून लिहिलेलं मोठ्यानं वाचायला लावावं आणि जिथे आवाज खाली येतो तिथे टिंब द्यायला सांगावं.

गोष्ट

राहिली गोष्ट. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगॉट्स्की यांच्या मते लेखनाची सुरुवात अक्षरांपासून होत नाही. हातवारे, खोटं खोटं खेळणं, चित्र या वाटेनं मूल लेखनाकडे येतं, कारण एका खुणेनं दुसरंच काही दाखवता येतं हे ते तिथे शिकतं. त्यामुळे आधी चित्र काढू देणं म्हणजे वेळ घालवणं नाही. चित्र गोष्ट धरून ठेवतं, मग डोक्याला ती धरावी लागत नाही.

दुसरा उपाय: मुलानं बोलायचं, मोठ्यानं लिहायचं. त्याच्यासमोर, हळू, त्याच्याच शब्दांत. सुधारून नव्हे. आपण बोललो ते कागदावर उतरलं आणि उद्या तसंच्या तसं परत वाचता येतं, हा अनुभव मुलाला एकदा यावा लागतो. नंतर हळूहळू वाटणी करायची, तीन वाक्यं तू सांग मी लिहितो, चौथं तू लिही.

वाक्य वाढवायला प्रश्न पुरतात. 'पाल पळाली.' कुठे? कधी? कशी? का? आणि 'मग… आणि मग…' या साखळीतून बाहेर पडायला तीन शब्द द्यावेत: कारण, पण, म्हणून. 'शेपटी तुटली पण…' असं अर्धं वाक्य पुढे ठेवलं की मुलाला विचार करावाच लागतो.

तपासताना लाल पेन बाजूला ठेवावं. आधी मजकुराला उत्तर द्यावं, एखाद्या पत्राला देतात तसं. मग एकच चूक निवडावी, नुकतीच शिकवलेली, आणि तेवढीच दुरुस्त करून घ्यावी. सगळ्या चुका दाखवल्या की मूल पुढच्या वेळी फक्त येणारेच शब्द लिहितं. 'फुलपाखरू'च्या जागी 'पक्षी' लिहून मोकळं होतं.

पालीच्या गोष्टीला काही आठवड्यांनी आम्ही पुन्हा हात घातला. तिनं चित्र काढलं, तिच्या तोंडची पाच वाक्यं मी लिहिली, आणि चित्राखाली एक ओळ तिनं स्वतः: 'शेपटि एकटि वळवळत होती.' मी खाली लिहून विचारलं, 'पाल शेपटी शोधायला परत आली का?' ती कागद घेऊन कोपऱ्यात गेली. पेन्सिलीचा आवाज बराच वेळ येत होता. उत्तर आलं:

नाहि. तिला नवि यते.

'येते'मधली मात्रा राहिली होती. ती आम्ही दुसऱ्या दिवशी बघितली.